उतारावर पायी जाणारे मोजणीवाले

भोरहून आंबवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी साडेसहाच्या सुमारास दोन जागा अशा लागतात, जिथं हवा एकदम गार होते. बाकीचा रस्ता कोमट असतो आणि मग कुणी माठावरचं झाकण काढावं तसा गारवा अंगावर येतो. चार पायडल, फार तर पाच. मग पुन्हा कोमट. एसटीतून जाणाऱ्याला या जागा कळत नाहीत. मोटरसायकलवाल्यालाही नाहीत, कारण त्याला सगळीकडेच वारा लागतो. त्याच रस्त्यानं रोज शाळेत जाऊनही बारा वर्षं मला त्या कळल्या नव्हत्या.

"बाई, आता डोळं मिटा," चाचा मागून म्हणाले.

"अहो, पडेन मी."

"न्हाई पडत. रस्ता सरळ हाय, म्होरं कुणी न्हाई. तीन पायडल मिटा फकस्त."

मी मिटले. पहिल्या पायडलला नुसती भीती होती. दुसऱ्याला ओल्या दगडाचा वास आला. तिसऱ्याला तो गारवा कपाळावर आला, मग गळ्यावर, मग हँडल घट्ट धरलेल्या बोटांवर, आणि मला कळेना की मी पुढं चाललेय की हा गारवाच माझ्यातून मागं चाललाय. डोळे उघडले तेव्हा चाचा माझ्या शेजारून सायकल चालवत होते आणि हसू दाबत होते.

"ही पैली गार," ते म्हणाले. "दुसरी वड्याच्या पुलावर हाय. ती ल्हान हाय, पर जास्त शानी हाय."

चाचा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतल्या जमिनी मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. खांद्यावर साखळी, मागं झेंड्या धरणारे गडी, बांधावर जमलेले भाऊबंद आणि भाऊबंदांच्या हातातल्या काठ्या, असं सगळं त्यांनी पाहिलं होतं. खेड्यातले लोक त्यांना मोजणीवाले म्हणत, भोरच्या मोहल्ल्यातले चाचा म्हणत. उंच, काटकुळे, पांढरी दाढी, बारा महिने एकच विणलेली टोपी. पँटचे पाय चेनमध्ये अडकू नयेत म्हणून दोन्ही घोट्यांपाशी कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. एक हिरवा, एक गुलाबी. सायकलवरून उतरले तरी ते चिमटे काढायला विसरत आणि तसेच बाजारात, मशिदीत, तहसील कचेरीत फिरत.

माझी त्यांची ओळख एसटीच्या संपात झाली. माझी शाळा आंबवड्याच्या पुढं. नवरा पुण्याला नोकरीत, मुलगी तिथंच हॉस्टेलला, आणि मी भोरमध्ये दोन खोल्या घेऊन राहिलेली. संपाच्या दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर वाट बघत उभी होते, तर हे गृहस्थ समोर येऊन थांबले.

"बाई, काल बी तुमी हितंच हुत्या. एसटी येनार न्हाई. सायकल येती का?"

"शाळेत असताना यायची."

"यायची म्हंजे? आता इसरली व्हय? पाय हायेत न्हवं?"

तिसऱ्या दिवशी ते भाचीची जुनी लेडीज सायकल ढकलत माझ्या दारात आले. सीट अगदी खाली केलेली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी. मी चव्वेचाळीस वर्षांची, अंगानं भारी, साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायलाही लाजणारी. पहिल्या दिवशी मी नाक्यापर्यंत गेले आणि रिक्षानं परत आले. पण मग जमलं. पुढं दोन महिन्यांनी एकदा थांबताना माझे पाय जमिनीला पोचेनात आणि मी घाबरले. तेव्हा कळलं, की चाचा दर शनिवारी मला न सांगता सीट बोटभर वर करत होते.

"आधी सांगितलं असतं तर तुमी करू दिली असती का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग?" म्हणून ते पुढं निघून गेले.

त्यांची एक तऱ्हा साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. घाट चढताना ते एकदाही खाली उतरत नसत. छातीचा भाता झाला, दाढीतून घाम ठिबकला, तरी पायडल सोडायचे नाहीत. पण माथ्यावर पोचले की शांतपणे उतरायचे, सायकल डाव्या हाताला धरायचे आणि पलीकडचा सगळा उतार पायी चालत जायचे. आंबाडखिंडीत मी हे पहिल्यांदा पाहिलं. रविवार होता. पुण्याहून आलेले रंगीबेरंगी कपड्यांतले सायकलवाले सूं करून खाली चालले होते आणि प्रत्येक जण ओरडून विचारत होता, "काका, पंक्चर का?"

"न्हाई, उतार!" चाचा प्रत्येकाला तेच सांगत होते, हात वर करून, आनंदानं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, एवढं चढून आलात, आता जरा मजा घ्या की."

"चढताना मानूस स्वोताच्या पायाकडं बघतो. उतरताना ब्रेककडं बघतो. मग बाई, डोंगर बघायचा कवा?"

म्हणून आम्ही चालत उतरायचो. पहिल्यांदा मला वेळ वाया गेल्यासारखं वाटायचं. नंतर नंतर त्या चालण्याचीच ओढ लागली. खाली नीरेचं खोरं धुक्यात बुडालेलं असायचं, फक्त एखाद्या देवळाचा कळस आणि दोन-तीन झाडांचे शेंडे वर. सायकलींची चाकं रिकामी फिरायची, टिकटिक टिकटिक. चाचा मधेच थांबून बोटानं दाखवायचे: तो पांढरा ठिपका म्हणजे अमक्याची विहीर, त्या बाभळीपासून भावकीची हद्द. धुक्यात मला काहीच दिसत नसे. पण ते इतक्या खात्रीनं सांगत, की थोड्या वेळानं मलाही धुक्याच्या आतली शेतं दिसल्यासारखी वाटत.

पुढच्या चाकाच्या एका तारेला त्यांनी लाल दोरा बांधला होता. तो दर फेऱ्याला वर येई आणि ते मनात मोजत. मोजणी चालू असताना आपण बोललो, की ते फक्त तळहात दाखवत. तो तळहात खाली येईपर्यंत गप्प बसायचं. वेल्ह्याच्या वाटेवर एकदा पाऊण तास तळहात वरच होता. मी चिडून म्हटलं, आता निवृत्त झालात, कशाला मोजता?

"आदी लोकांच्या भांडनासाठी मोजायचो," ते म्हणाले. "आता माझ्यासाठी मोजतो." आणि मग, जरा वेळानं, "तुमी बोललात, आता पयल्यापास्नं."

गुंजवण्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी, एक म्हातारी राहायची. वर्षातून एकदा चाचा तिच्याकडे जात. एकदा मला बरोबर घेऊन गेले. जाताना कॅरिअरला आंब्याचं रोप बांधलेलं. का जातोय ते सांगितलं नव्हतं. म्हातारीनं चहा टाकला आणि तिनंच मला सांगितलं. फार वर्षांपूर्वी चाचांनी तिची आणि तिच्या दिराची जमीन मोजली होती. मोजताना साखळी एका खुंटाला अडकली आणि दोन हातांचा फरक पडला. बांधावरचं आंब्याचं झाड दिराकडं गेलं. चाचांना ते पुढं नकाशा काढताना कळलं होतं, पण चौकशी लागेल म्हणून ते बोलले नाहीत.

"रिटायर झाला आन दुसऱ्या दिशी सायकल हानत आला," म्हातारी म्हणाली. "म्या म्हनलं, आता काय मोजायला आलास? तर म्हनतो, आजी, म्या चुकलो हुतो. दोन हात चुकलो हुतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? आंबा वादळात मोडला. दीर बी गेला. म्या म्हनलं, येवढा लांब आलास, च्या पी." ती चाचांकडं बघून तोंडाचं बोळकं उघडून हसली. "तवापास्नं दर साली रोप घेऊन येतुया. दोन मेली. तिसरं जगलंय."

चाचा तोवर बांधावर जाऊन चौथ्या रोपासाठी खड्डा करत होते. येताना वाटेत त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तळहातही वर नव्हता. मोजतच नव्हते.

आता भाभींबद्दल सांगायला हवं. भाभी म्हणजे चाचांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. मी चाचांबरोबर सायकलवर दिसू लागले तशी माझ्या गल्लीत कुजबुज सुरू झाली. एक मास्तरीण, नवरा गावात नाही, आणि पहाटे उठून मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याबरोबर कुठं जाते. माझ्या कानावर आलं आणि मी दोन दिवस घरातून निघालेच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भाभी आल्या. हातात खिरीचा डबा आणि पदराखाली पिशवीभर लसूण. घरात या म्हटलं तर म्हणाल्या, "हितंच पायरीवर बरंय, उजेड हाय." आणि तीन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या माझ्या पायरीवर लसूण सोलत बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगत होत्या, "बाईंकडं आलेय. आमचे हे ह्यांना सायकल शिकवतात. लई धीराच्या हायेत." कुजबुज त्या दिवशी संपली.

आमचं एकदाच भांडण झालं. मी चाचांसाठी हेल्मेट आणलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, "झकास हाय" म्हणाले आणि हँडलला अडकवलं. ते तिथंच राहिलं. मी विनवलं, रागावले, शाळेतल्या मुलांना सांगते तसं सांगितलं. शेवटी म्हटलं, घालणार नसाल तर मी तुमच्याबरोबर येणार नाही. आणि खरंच तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. चाचा उभे. हातात उताणं धरलेलं हेल्मेट आणि त्यात काठोकाठ करवंदं, धुतलेली, निथळणारी.

"बाई, याला भोकं चांगली हायेत. पानी सगळं गळून जातं," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

मला हसू आलं. मी हसले तिथंच भांडण संपलं. त्या वेळी मी हसायला नको होतं, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं आहे.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ते गेले. सुट्टी होती, मी पुण्याला होते. सकाळी दहाला भाभींचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, या."

मी भोरला पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि मोहल्ल्यातून जनाजा निघत होता. बायका मागं थांबतात. मी भाभींच्या शेजारी दारात उभी राहिले. ती गल्ली नदीकडे उतरते. पुरुषांच्या खांद्यावरून चाचा सावकाश खाली निघाले आणि सगळे त्यांच्यामागून पायी उतरत गेले. भाभींनी माझा हात धरला होता. त्यांच्या बोटांना लसणाचा वास येत होता. सकाळी फोडणीच्या तयारीत असताना त्यांना कुणीतरी हाक मारली असणार.

झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. कापूरव्होळकडून भोरला येणारा सरळ, सपाट रस्ता. सकाळचे आठ. चाचा परत येत होते. मागून दुधाची पिकअप आली. चालवणारा राजगडाच्या पायथ्याच्या एका गावचा, तिशीतला. तो पळाला नाही. त्यानंच चाचांना उचलून गाडीत घेतलं आणि भोरच्या दवाखान्यात आणलं, पण तोवर उशीर झाला होता. ऊन डोळ्यांवर आलं, सायकल दिसली नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. हेल्मेट हँडलला होतं. रक्त फारसं नव्हतंच, लोक सांगत होते. रस्त्यावर जे काळं-जांभळं पसरलं होतं ती करवंदं होती. मार डोक्याला नव्हता, छातीला होता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हेल्मेट असतं तरी काही उपयोग नव्हता. हे सगळे जण मला पुन्हा पुन्हा समजावून सांगत. माझ्या मनाला ते पटत नसे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी सायकलवर जुनी चादर टाकली आणि एसटीनं जाऊ लागले. खिडकीशी बसून मी दोन्ही गार जागांची वाट बघायची. त्या येऊन गेल्या की नाही ते कळायचं नाही.

भाभी इद्दतीत होत्या. त्यांच्यात विधवेनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं. मी दर रविवारी जायची. पहिले काही रविवार आम्ही नुसत्या बसलो. मग एकदा तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बाई, ते कुठं जायचे हो?"

मला प्रश्न कळला नाही.

"घरी यायचे, हातपाय धुवायचे, म्हनायचे, आज वेल्ह्याला जाऊन आलो. मी म्हनायचे, बरं. पस्तीस वर्षं बरं बरं म्हनत ऱ्हायले. कसं हाय तिकडं, ते कधी विचारलं न्हाई. तुमी सांगा."

मी सांगू लागले. आंबवड्याचा रस्ता सांगितला. देऊळ, झुलता पूल, वळणावरचं चिंचेचं झाड. भाभींची बोटं तांदळात फिरत होती. मी थांबले की त्या म्हणत, "मग म्होरं?" दुसऱ्या रविवारी भाटघरच्या पाण्याकडेनं गेलो. तिसऱ्या रविवारी आंबाडखिंड चढलो. भाभींच्या त्या छोट्या खोलीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, आम्ही दोघी कुठं कुठं जात होतो. कधी कधी मी सांगता सांगता डोळे मिटायची आणि भाभी बोलायच्या थांबल्या, की वाटायचं तिसरंही कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय आणि चुकलं की टोकणार आहे.

चौथ्या रविवारी वेल्ह्याच्या वाटेवर मी अडले. एक मोठं वळण, मग एक दगडी मोरी, आणि मग?

"मग म्होरं?" भाभींनी विचारलं.

"आठवत नाही."

त्यांनी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांसमोर अख्खा रस्ता पुसट होताना दिसला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चादर काढली, चाकात हवा भरली आणि निघाले. शाळेच्या रस्त्यानंच निघाले, आधी पाय बसावेत म्हणून. पहिली गार जिथं लागायची तिथं आले. पण पाऊस होता. सगळाच रस्ता गार होता. पहिली कुठली, दुसरी कुठली, काही कळेना. मी पुलाच्या कठड्याला सायकल टेकवली आणि तिथं उभी राहून, चाचा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठमोठ्यानं रडले. भाताची लावणी करणाऱ्या बाया कमरेतून ताठ होऊन बघत राहिल्या. त्यातली एक ओरडून म्हणाली, "बाई, मोजनीवाल्यांचं आयकलं आमी. लई वाईट झालं." आणि पुन्हा वाकली.

भाभींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पावसाळा सरला की येतील त्या जागा परत." मग मी दर शनिवारी सायकलनं जाऊन रस्ता बघून येऊ लागले आणि दर रविवारी भाभींना सांगू लागले. दगडी मोरीच्या पुढं पिंपळ आहे, हेही बघून आले.

इद्दत संपली तेव्हा भातं पिवळी पडायला लागली होती. मी गेले तर भाभी बुरखा घालून, पायात चपला घालून तयार.

"आता एकदा जायचंय," त्या म्हणाल्या. "त्या पिकअपवाल्याच्या घरी."

मी खूप समजावलं. कशाला, म्हटलं. खटला चालू आहे, उगाच काही बोलणं होईल. खरं म्हणजे मलाच त्याचं तोंड बघायचं नव्हतं. चार महिने मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले होते.

"तुमी नसाल येत तर मी एकटी जाते. रस्ता तुमीच सांगितलाय," भाभी म्हणाल्या.

एसटीनं गेलो. गाव छोटं, घर शेवटचं. अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली पिकअप उभी होती. चाकांना गवतानं वेढलं होतं आणि बॉनेटवर कोंबडी बसली होती. दारात एक बाई सुपात काहीतरी पाखडत होती. भाभी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी मोजनीवाल्यांची बायको," त्या म्हणाल्या.

सूप खाली पडलं. ती बाई, त्याची आई, भाभींच्या पायाकडं वाकली. भाभींनी तिला मधेच धरलं. ती सुपातलं सांडलेलं हातानं गोळा करू लागली. शेवटी म्हणाली, "तवापास्नं गाडीला हात लावत न्हाई त्यो. दूध दुसराच नेतोया. जेवत बी न्हाई धड." मग तिनं शेताकडं तोंड करून हाक मारली.

तो आला. हातात विळा, गुडघ्यापर्यंत चिखल. मी मनात रंगवलेला माणूस वेगळा होता. हा हडकुळा, डोळे खोल गेलेला, विळा कुठं ठेवावा ते न कळून तसाच उभा.

"बस," भाभी म्हणाल्या. "मला सगळं सांग. ते कुठं बसले होते, काय म्हनले, सगळं."

तो मातीतच बसला. "काकी, त्यांना म्या म्होरं, माझ्या शेजारी बसवलं. आडवं केलं तर दम लागत हुता त्यांना. माझ्या खांद्याला टेकून बसले. मागं दुधाचं कॅन हुतं. वाटंत डेअरी लागती. तर मला म्हनले, आदी दूध घाल, उनानं नासंल. मला काय झालं न्हाई, म्या बसतो हितं." तो थांबला. "म्या न्हाई थांबलो, काकी. आईची आन, म्या डेअरीला न्हाई थांबलो. तरी..."

भाभींनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या ओठांवर किंचित हसू आलं होतं की काय, मला सांगता येणार नाही. "दूध नासंल, म्हनले," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग तो खाली बघत म्हणाला, "आन काकी, ऊन न्हवतं डोळ्यावर. मोबाईल वाजला. म्या खाली बघितलं. येवढंच."

त्याची आई ओरडली, "अरं, काय बोलतुयास!"

भातावरून वारा जात होता, त्याचा तेवढा आवाज. मी उठून उभी राहिले होते. भाभी मात्र तशाच बसल्या होत्या.

"हे कोर्टात सांगशील?" त्यांनी विचारलं.

त्यानं हातातला विळा बाजूला ठेवला. आई तोंडात पदर धरून रडत होती.

"सांगतो, काकी."

"सांग." भाभी उठल्या. "माफ केलं, असं म्हनायला मी आले न्हाई. ते माझ्याच्यानं अजून होत न्हाई. खोटं कशाला बोलू." त्यांनी बुरखा झटकला. "आता गाडी काढ. मला भोरला सोड. वाटेत ते पडले ती जागा दाखव."

तो वर बघतच राहिला. "ती... तीच गाडी हाय, काकी."

"म्हनूनच."

बॅटरी उतरली होती. कोंबडी हाकलली, गवत कापलं, शेजारचे दोघे-तिघे आले आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. मीही ढकलली. भाभी आधीच आत, त्याच्या शेजारच्या जागेवर, जाऊन बसल्या होत्या. मी खिडकीशी बसले. गुंजवण्यातून निघालो, नसरापूर गेलं, हायवे लागला आणि संपला, कापूरव्होळहून भोरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना पिवळी भातं आणि त्यांच्यावर कलतं ऊन.

तिथं पुढं एक सायकल दिसली. कॅरिअरवर गवताचा एवढा भारा, की माणूस दिसत नव्हता. नुसतं गवतच डुलत डुलत चाललं होतं. त्यानं गाडी हळू केली. आणखी हळू. रस्ता मोकळा होता, पण त्याला सायकलला ओलांडून पुढं जाववेना. मागं एक टेम्पो येऊन हॉर्न देऊ लागला, मग एक एसटी. तो घामानं भिजला होता. "काकी, माझ्याच्यानं व्हईना," तो म्हणाला.

"मग ऱ्हा मागं," भाभी म्हणाल्या. "न्हाई तरी कुठं जायचंय आपल्याला."

टेम्पो आणि एसटी शिव्या घालत पुढं गेले. आम्ही मात्र माणूस चालतो तितक्याच वेगानं त्या गवतामागून चाललो. वाळत्या गवताचा वास गाडीत भरला होता. मधेच भारा थांबला, त्याच्या आडून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं तोंड निघालं. "काय रं, म्होरं जाईनास का?"

भाभी माझ्या अंगावरून खिडकीकडं वाकल्या. "तुमी चला, दादा," त्या म्हणाल्या. "आमाला घाई न्हाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा पायडल मारलं. एका पाणंदीशी तो वळला आणि गवताचा भारा भाताच्या पिवळ्यात दिसेनासा झाला. त्यानंतर कितीतरी वेळानं, समोर डेअरीची पाटी आली, तेव्हा गाडीवाला एकदम दचकून म्हणाला,

"काकी, ती जागा... मागं ऱ्हायली. म्या दावायची इसरलो."

भाभी अजून त्या पाणंदीच्या दिशेनंच बघत होत्या. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू म्होरं बघून चालव."